मागे भिंत आहे, वाईड लेन्स कोणती घेऊ?

गेल्या महिन्यात घरच्या गणपतीच्या शूटिंगबद्दल जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर, हँडीकॅमच्या तोंडाला लावायची वाईड लेन्स. म्हणून यावेळी फक्त तेच घेतलंय. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर कशा घ्यायच्या असं विचारणाऱ्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात तुमचाच नंबर.

प्रश्न : नमस्कार सर, आमचं घर गुहागरच्या बाजूला, गणपती माजघरात बसतो. खोली साधारण १२ बाय १२. आरतीला मुंबई-पुण्याचे सगळे येऊन पंचवीस-तीस माणसं होतात आणि नंतर शूटिंग बघावं तर मूर्ती, भटजी आणि दोन काका एवढेच दिसतात, बाकीचे नुसते ऐकू येतात. मी भिंतीला पाठ टेकून उभा असतो, अजून मागे जायला जागाच नाही. कॅमेरा मामांनी दिलेला कॅनन एचव्ही२०, टेपवाला आहे पण अजून ठणठणीत. लेन्सवर ६.१-६१ आणि ४३ असे आकडे आहेत. ऑनलाइन ०.४५ एक्सची वाईड विथ मॅक्रो स्वस्तात दिसतेय आणि ०.७ एक्सवाली तिच्या कितीतरी पट महाग. जिच्यात जास्त मावतं तीच स्वस्त हे कसं काय? घेऊन टाकू का ०.४५?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : थांबा, पैसे भरू नका. आधी ते आकडे बघू, कारण चुकीची लेन्स घेणाऱ्यांपैकी बरेचजण तिथेच फसतात.

४३ हा आकडा लेन्सच्या तोंडाच्या आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याच्या आधी आडवी रेघ मारलेलं गोल शून्यासारखं चिन्ह असतं ते बघा. वाईड लेन्स ज्या आट्यांवर फिरवून बसवायची ते हे. कुणाच्या कॅमेऱ्याला ३० असतं, कुणाच्या ३७, कुणाच्या ४६, ५२ किंवा ५८. ६.१-६१ ही मात्र फोकल लेंग्थ, म्हणजे झूम कुठून कुठपर्यंत जातो ते. हा आकडा जितका लहान तितकं जास्त वाईड. आता ६.१ ऐकून वाटतं की हे तर केवढं वाईड, पण आत सेन्सरच नखाएवढा असतो त्यामुळे तो आकडा थेट वापरता येत नाही. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात तुमचा ६.१ म्हणजे ४३.६ एमएम. फोटो स्टुडिओवाल्या जुन्या माणसाला विचारा, ५० एमएमला तो नॉर्मल म्हणेल आणि २८ ला वाईड. म्हणजे तुमचा कॅमेरा झूम पूर्ण मागे घेतला तरी वाईड नाहीच, नॉर्मलच्या शेजारी बसलाय. त्या काळातले बहुतेक घरगुती कॅमेरे असेच होते. डब्यावर झूमचा आकडा मोठा छापला की गिऱ्हाईक खूश, वाईडचं कोण विचारतंय.

आता ०.७ चा अर्थ. ४३.६ ला ०.७ ने गुणा, साधारण ३० येतात, ते झालं बऱ्यापैकी वाईड. ०.४५ ने गुणलं तर वीसच्याही खाली जातं. पण एमएमपेक्षा मला फुटांचा हिशेब आवडतो, तो लगेच डोक्यात बसतो. तुम्ही मखरापासून १० फुटांवर उभे असाल तर तुमच्या कॅमेऱ्यात आत्ता तिथली साडेआठ फूट रुंदी दिसत असणार. ०.७ लावली की ती १२ फूट होते, म्हणजे तुमच्या खोलीची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतची सगळी रुंदी. ०.४५ लावली की १९ फूट. अहो खोलीच १२ फुटांची, मग उरलेले सात फूट कसले दाखवणार? बाजूच्या भिंती, पंखा, ट्यूबलाइट आणि खाली सतरंजी. आणि त्या सगळ्यात मूर्ती होणार बोटाएवढी.

ही शेवटची गोष्ट दुकानदार सांगत नाही. वाईड लेन्स लावणं म्हणजे मागे सरकणं नव्हे. मागे सरकलात की पुढची माणसं आणि लांबची मूर्ती यांच्या आकारातला फरक कमी होतो, वाईड लेन्सने तो तसाच राहतो, फक्त चौकटीत जास्त शिरतं. त्यामुळे तुमच्या अगदी पुढ्यात टाळ्या वाजवत उभा असलेला भाचा मोठ्ठा आणि गणपती बारका, हे होणारच. म्हणून लेन्स नेहमी लागेल तेवढीच वाईड घ्यायची.

ते "लागेल तेवढी" मोजायला पाच मिनिटं लागतात. गणपतीला अजून अवकाश आहे, आत्ताच माजघरात जा, जिथे उभे राहता तिथे उभे राहा, झूम पूर्ण मागे घ्या. समोर मखराच्या जागी जमिनीवर मोजपट्टी आडवी पसरा आणि स्क्रीनमध्ये किती फूट दिसतात ते बघा. मग किती दिसायला हवेत ते ठरवा. दिसतात त्याला हवेत त्याने भागा, संपलं. साडेआठ भागिले बारा म्हणजे ०.७१, मग ०.७ ची लेन्स. उत्तर ०.८ आलं तर ०.८ ची शोधा, आणि ०.५ च्या खाली आलं तर लेन्स नको, उभं राहायची जागा बदला.

जागेचं म्हणाल तर तुमच्या माजघराला ओटीकडून दार असेलच. उंबऱ्याबाहेर उभं राहिलात तरी तीनेक फूट फुकट मिळतात. आणि दुसरं, आरतीची माणसं सगळी मूर्तीकडे तोंड करून, म्हणजे तुमच्याकडे पाठ करून उभी असतात. तेव्हा निम्मी आरती मागच्या भिंतीवरून घ्या आणि निम्मी मखराच्या बाजूच्या कोपऱ्यात उभं राहून माणसांच्या तोंडांकडे कॅमेरा करून घ्या. कोपऱ्यात उभं राहिलं की खोलीचा कर्ण मिळतो, १२ बाय १२ ला तो १७ फूट भरतो. माझ्यावर विश्वास ठेवा, वीस वर्षांनी घरातले मूर्तीच्या शूटिंगपेक्षा आजीचं तोंड शोधत असतात.

आता स्वस्त का, ते. या पुढून लावायच्या लेन्सची, म्हणजे अडॅप्टरची, रचना साधी असते, पुढे प्रकाश फाकवणारं आतून खोलगट भिंग आणि मागे त्याला आवरणारं फुगीर भिंग. जितकं जास्त वाईड करायचं तितकं पुढचं भिंग जोरकस लागतं आणि तितक्याच चुका होतात, त्या सुधारायला आणखी भिंगं, चांगली काच, चांगलं कोटिंग, तिथे पैसे जातात. स्वस्त ०.४५ मध्ये ती सुधारणा फारशी केलेलीच नसते. त्यामुळे होतं काय की मध्यभागी चित्र बरं, कडेला पुसट. पांढऱ्या झेंडूच्या माळेला कडेने निळी-जांभळी किनार दिसते. मखराचे उभे खांब धनुष्यासारखे बाहेर फुगतात आणि दाराची चौकट पिंपासारखी. जुन्या साध्या रेझोल्यूशनच्या टेपेवर हे खपून जायचं, तुमचा कॅमेरा मात्र एचडी आहे, तो सगळं दाखवतो. आणि ते "विथ मॅक्रो" म्हणजे काही वेगळी भेट नव्हे हो, पुढचं भिंग फिरवून काढलं की मागचं फुगीर भिंग एकटं उरतं, ते क्लोजअपला चालतं, एवढंच. फुलावरचा मुंगळा वगैरे काढायला मजा येते, आरतीला काय उपयोग.

तेव्हा ४३ आट्यांची ०.७ च्या आसपासची, आणि वर्णनात पूर्ण झूम चालतो असं लिहिलेली बघा. नवीन नाही मिळाली तर जुनी चालेल, भिंगांना ओरखडे आणि बुरशी नाही ना हे टॉर्च मारून बघून घ्या, कोकणातल्या हवेत बुरशी फार. एक तुमच्या मॉडेलपुरती खास गोष्ट, एचव्ही२० ला लेन्सच्या बाहेर एक वेगळा फोकसचा सेन्सर आहे, झटपट फोकससाठी. मोठी वाईड लेन्स लावली की ती त्याच्या आड येते. मेन्यूत जाऊन इन्स्टंट एएफ (एएफ म्हणजे ऑटोफोकस) बंद करून नॉर्मल एएफ करून ठेवा, नाहीतर ऐन "घालीन लोटांगण"ला फोकस शोधत बसेल.

प्रश्न : दादा, मी लग्नाचं शूटिंग नवीन चालू केलंय. मित्राकडची ०.३ एक्सची लेन्स लावली, वाईडला एकदम भारी दिसतं, हॉल पूर्ण येतो, पण नवरीवर झूम केलं की सगळं धूसर. कॅमेऱ्याचा फोकस गेला का?
– नांदेड

उत्तर : कॅमेरा ठीक आहे मित्रा, लेन्सच तशी आहे. वाईड अडॅप्टर दोन जातींचे. एका जातीत झूम शेवटपर्यंत चित्र स्वच्छ राहतं, इंग्रजीत त्याला झूम-थ्रू म्हणतात आणि आपल्याकडे दुकानातही तोच शब्द चालतो. दुसऱ्या जातीत झूम अर्ध्यात किंवा त्याच्याही आधी गेला की धुकं. ०.३ वाल्या जवळजवळ फिशआयच, म्हणजे सगळं गोल फुगवून दाखवणाऱ्या, असतात, त्यांच्याकडून झूमची अपेक्षाच करायची नाही, झूम मागे ठेवायचा आणि लागलं तर आपण पायाने पुढे जायचं. अमेरिकेत स्केटबोर्डवाली पोरं हेच करायची, सोनीचा १९९५ चा व्हीएक्स१००० आणि त्याला सेंच्युरी ऑप्टिक्सची फिशआय, कॅमेरा चाकांपासून वीतभर अंतरावर धरून शूट, त्यांचं सगळं रूपच त्या एका लेन्सने ठरवलं. पण तिथे कुणाला मुंडावळ्यांवर झूम करायचा नव्हता.

लग्नात तुला एका क्षणात हॉल आणि दुसऱ्या क्षणात मंगळसूत्र पाहिजे, मध्ये लेन्स काढत बसायला भटजी थांबत नाहीत. तेव्हा तुझ्या धंद्याला झूम-थ्रूच लागणार, ती जड असते, महाग असते आणि ०.७-०.८ च्या आसपासच असते. सोनीने पीडी१७० काढला तेव्हा त्याच्या खोक्यातच ०.७ ची वाईड दिली होती, लग्नवाल्यांनी ती लावली ती कॅमेरा विकेपर्यंत काढली नाही. ०.३ टाकून देऊ नकोस, वरातीत नाचणाऱ्यांच्या मधे घुसलास की तिच्यासारखी दुसरी नाही. फक्त जेवणाच्या पंगतीत आणि ग्रुप फोटोच्या वेळी नको, कडेच्या मावशी वाकड्या दिसल्या की पुढचं काम गेलंच समज.

एक माझी फजिती सांगतो, वीसेक वर्षांपूर्वीची. वाईला एका वाड्यात मुंज होती, चौक छोटा, मी वाईड चढवली आणि घाईत खालचा यूव्ही फिल्टर, म्हणजे भिंगावर आट्यांनी बसवलेली साधी काच, काढायचा राहिला. फिल्टरच्या जाडीने लेन्स दोन-चार मिलिमीटर पुढे गेली आणि चारही कोपरे काळे. मला व्ह्यूफाइंडरमध्ये कळलं नाही कारण त्यात कडा दिसतच नव्हत्या, पार्टीलाही कळलं नाही कारण तेव्हाचे डब्बा टीव्ही चित्राच्या कडा कापूनच दाखवायचे. सगळे खूश, पैसे मिळाले. मग काही वर्षांनी त्यांनी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि फोन आला, "अहो, आमची मुंज तुम्ही नळीतून बघून शूट केली होती का?" तेव्हापासून नियम, वाईडच्या खाली काही नाही, आणि तपासायचं ते मोठ्या स्क्रीनवर, झूम पूर्ण मागे घेऊन, पांढऱ्या भिंतीसमोर.

प्रश्न : माझा कॅमेरा ३७ आट्यांचा आहे. दीर दुबईहून येताना त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची ०.७ वाईड लेन्स देणार आहेत, पण ती ५८ ची आहे. रिंग लावून चालते असं ऐकलं. माझे बालनाट्याचे क्लास असतात, हॉल लहान आहे, त्यासाठी हवी होती.
– एक ताई, पुणे

उत्तर : चालेल ताई. ३७ वरून ५८ करणारी रिंग मिळते, स्टेप-अप म्हणून मागा, आणि पत्र्याची असते तशी पातळ असावी. मोठी लेन्स छोट्या कॅमेऱ्याला लावली तर कोपरे काळे व्हायची भीती कमी असते कारण मागचं भिंग कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा मोठं असतं. उलटं मात्र करू नका, ३७ ची लेन्स ५८ च्या कॅमेऱ्याला लावली तर नळीतून बघितल्यासारखंच दिसणार, वर वाचलंतच.

अडचण येईल ती वजनाची. ५८ ची चांगली वाईड हातात घेतली की पेढ्याच्या डब्यासारखी जड लागते आणि ३७ चे आटे बहुतेक प्लॅस्टिकचे. कॅमेरा पुढे झुकतो, स्टँडवर ठेवलात तर स्क्रू नीट आवळा आणि कॅमेरा उचलताना लेन्सला धरून उचलू नका. दुसरं, लेन्सच्या शेजारी छोटा दिवा असेल तर एवढ्या मोठ्या लेन्सची सावली चित्राच्या कोपऱ्यात पडते, दिवा बंदच ठेवा. रिमोटचा डोळाही झाकला जातो म्हणून रिमोट चालला नाही तर सेल बदलत बसू नका.

प्रकाशाची काळजी नको, लांबचं जवळ आणणारा टेली कन्व्हर्टर लेन्सच्या मागे लावला की अंधारतं तसं इथे होत नाही, पुढून लावायच्या वाईडने उजेड जवळपास तेवढाच राहतो. स्टेजवरच्या दिव्यांचे गोळे मात्र चित्रात उमटतात, भिंग पुढे आलेलं असतं ना. हुड, म्हणजे भिंगाभोवतीची झापड, मिळाला तर लावा, नाहीतर दिव्यांच्या रांगेतून थोडं बाजूला व्हा.

आणि मेन्यूत कन्व्हर्जन लेन्स असा पर्याय आहे का बघा, असला तर तो वाईडवर करा. कॅमेऱ्याला कळतं की पुढे काहीतरी लागलंय आणि हात हलला की चित्र किती सावरायचं त्याचा अंदाज चुकत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत आहोत, मंडळाच्या कार्यक्रमांसाठी नवीन सोनीचा हँडीकॅम घेतला, सीएक्स४०५. याला वाईड कुठली बसेल? पुढे आटेच दिसत नाहीत.

उत्तर : आटे नाहीत म्हणजे कंपनीलाही तुम्ही काही लावावं असं वाटत नाही. चिकटवायच्या रिंगा मिळतात पण त्यांच्या नादाला लागू नका, एकदा का लेन्स तिरकी बसली की एक बाजू कायम पुसट. आणि मुळात तुम्हाला गरज आहे का? हा कॅमेरा वाईडला २६.८ एमएम आहे. वर गुहागरच्या वाचकांना ०.७ लावून तीसपर्यंत पोचायचंय, तुम्ही काही न लावता त्याच्याही पुढे आहात.

तरी कमी पडत असेल तर आधी मेन्यूत स्टेडीशॉट बघा, तो अ‍ॅक्टिव्हवर असणार. अ‍ॅक्टिव्हमध्ये कॅमेरा चित्राच्या कडा कापून त्या जागेत हलणं सावरतो, म्हणजे तुम्ही विकत घेतलेलं वाईड तो स्वतःच खातो. कॅमेरा स्टँडवर ठेवा, अ‍ॅक्टिव्ह काढून स्टँडर्ड करा किंवा बंदच करा, कडेला दोन खुर्च्या जास्त दिसतील. तेही पुरलं नाही तर कुणाच्या तरी खिशात ०.५ एक्सचा वाईड कॅमेरा असलेला फोन असतोच, आयफोनच्या तर २०१९ च्या ११ पासून बऱ्याच मॉडेलना १३ एमएमची लेन्स आहे, पूर्ण हॉलचा एक शॉट त्यावर घ्या आणि नाटक हँडीकॅमवर.

प्रश्न : लेन्स अडकलीय, निघत नाही! राजगडावर नेली होती, परत आल्यापासून गच्च बसलीय. आणि सगळ्या शूटिंगमध्ये ठिपके ठिपके दिसतायत.
– बोरिवली

उत्तर : पक्कड लावली नसेल तर अजून आशा आहे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, किंवा लेन्सभोवती दोन-तीन जाड रबरबँड चढवा आणि सगळ्या बाजूंनी सारखा हलका दाब देत फिरवा. बहुतेक लोक दोन बोटांत जोरात चिमटून फिरवतात, त्याने गोल रिंग दबून लंबगोल होते आणि उलट जास्त आवळली जाते. जोर कमी, पकड जास्त. तरी नाही निघाली तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, आट्यात तेल अजिबात सोडू नका, ते भिंगावर चढतं.

निघाली की आट्यांतली लाल माती दाढीच्या कोरड्या ब्रशने झाडा. पुढच्या वेळी बसवताना आधी उलट्या दिशेने हळू फिरवा, आट्यांची तोंडं जुळली की बारीक टक् जाणवतं, मग सरळ फिरवा, आणि बसली की थांबा, बाटलीच्या झाकणासारखी आवळू नका.

ठिपक्यांचं म्हणाल तर ते भिंगावरचे धुळीचे आणि तुषारांचे आहेत. या कॅमेऱ्यांचा सेन्सर बारका, त्यात वाईड, त्यामुळे अगदी जवळपासून लांबपर्यंत सगळंच फोकसमध्ये येतं, कॅमेऱ्याच्या पुढे चार बोटांवर असलेल्या भिंगावरची धूळसुद्धा. ऊन समोरून असलं की तर चांदण्याच. आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ कापडाने मधून बाहेर गोल पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलीत तर पुढच्या महिन्यात ओरखड्यांचा प्रश्न पाठवाल. आणि लेन्सच्या मागच्या काचेवरही बघा, बसवताना बोट लागलेलं असतं ते तिकडेच.